एकोणसाठ रिकाम्या चौकटी

रकानेबाईंचं खरं नाव कार्यालयात दोनच ठिकाणी लिहिलेलं असायचं. एक हजेरीपटावर आणि दुसरं प्रत्येक विमा अर्जाच्या तळाशी, ‘माहिती भरणाऱ्याचे नाव’ या ओळीत. बाकी मालकांपासून पाणी भरणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी रकानेबाईच. नाव मालकांनीच पाडलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकदा त्यांनी विचारलं, “बाई, त्या लाकूडवाल्याचा अर्ज कुठं आहे?” तर कपाटाकडे बोट दाखवायचं सोडून बाई म्हणाल्या, “ओळ दोनशे चौदा, रकाना सहा.” त्या दिवशी बारसं झालं ते झालंच.

कार्यालय म्हणजे चपला दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यातून डिंकासारखा वास वर यायचा आणि नव्या माणसाचं डोकं पहिल्या तासातच दुखायला लागायचं. रकानेबाईंना तो वास येईनासा होऊन जमाना लोटला होता. त्यांना घेतलं होतं फोन उचलायला. दोन फोनांच्या मधे वेळ उरायचा, म्हणून त्या पुढ्यातल्या कॉम्प्युटरवर स्प्रेडशीट शिकल्या. शिकवायला कुणी नव्हतं. एक जाडजूड पुस्तक होतं, त्याची मधली वीस पानं कुणीतरी पुड्या बांधायला नेली होती. त्यामुळे त्या वीस पानांत जे काय होतं, ते रकानेबाईंना आजतागायत येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

एकोणीस वर्षं ती शीट त्यांनी एकटीनं सांभाळली. शीटचे कायदे त्यांचे. एका चौकटीत एकच गोष्ट. रंग भरायचे नाहीत. “नाटक नाहीये हे,” असं त्या म्हणत. कुणाचीही ओळ खोडायची नाही. माणूस गिऱ्हाईक राहिला नाही, गाव सोडून गेला किंवा जगातूनच गेला, तर त्याची ओळ उचलून ‘गेलेले’ नावाच्या दुसऱ्या पानावर ठेवायची. आणि सगळ्यांत कडक कायदा रकाना नऊचा. रकाना नऊ म्हणजे ‘पूर्वीचा आजार’. माणसानं स्वतःच्या तोंडानं ‘आहे’ म्हटलं तर ‘आहे’. स्वतःच्या तोंडानं ‘नाही’ म्हटलं तर ‘नाही’. विचारायचं राहिलं असेल, फोन लागला नसेल, माणूस हसून विषय बदलत असेल, तर चौकट रिकामी.

हा कायदा त्यांना महागात पडून सुचला होता. दुसऱ्याच वर्षी एका बेकरीतल्या भट्टीवाल्याच्या अर्जात त्यांनी अंदाजानं ‘नाही’ लिहून टाकलं. माणूस कसा, दाराला कडी नको असा धिप्पाड. अकरा महिन्यांनी त्याची बायको विमा कंपनीचं पत्र घेऊन जिना चढून आली. दमा होता, अर्जात सांगितला नाही, सबब दावा नामंजूर. “पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं हो,” ती म्हणाली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती नुसती विचारत होती. रकानेबाई खाली बघून स्टेपलरची उघडझाप करत राहिल्या. अर्जाच्या तळाशी नाव त्यांचंच होतं.

तर अशा या बाईंच्या शीटवर एका गुरुवारी संक्रांत आली. अर्ज पाठवायचं जुनं सॉफ्टवेअर बंद पडणार होतं. विमा कंपनीनं फर्मान काढलं की यापुढे अर्ज नव्या सॉफ्टवेअरमधूनच घेतले जातील. मालकांना घाई, कारण गावाबाहेरच्या शीतगृहाचा सामूहिक विमा हाती आला होता. तीनशे चाळीस कामगार; त्यांची माहिती बाईंनी शीटच्या वेगळ्या पानावर आधीच भरून ठेवली होती. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत सगळ्यांचे अर्ज कंपनीकडे गेले पाहिजेत, बाराला दार बंद. तीनशे चाळीस अर्ज हातानं टाइप करायचे तर बाईंच्या बोटांचा भुगा झाला असता, म्हणून शीटमधली माहिती थेट नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतायची असं ठरलं. ओतायला सॉफ्टवेअर कंपनीनं एक माणूस पाठवला.

तिशीतला, चष्म्याचा, बोलायला गोड. मालकांनी त्याला स्वतःची फिरती खुर्ची दिली, खिडकीजवळची जागा दिली, तासातासाला चहा. रकानेबाईंनी दुपारपर्यंत त्याचं नाव जावईबापू ठेवून टाकलं. त्याच्या तोंडावर मात्र त्या त्याला ‘साहेब’ म्हणत आणि तो त्यांना ‘मॅडम’.

पहिल्या खेपेला सॉफ्टवेअरनं शीट चाखली आणि थुंकून टाकली. दोनशे सत्त्याण्णव चुका.

“मॅडम, ही जन्मतारीख बघा. इथं लिहिलंय ‘आईला विचारून सांगतो’.”

“तो तसंच म्हणाला.”

“पण ही तारीख नाहीये!”

“म्हणून तर तारीख लिहिली नाही. थांबा, एव्हाना विचारलं असेल त्यानं.” आणि त्यांनी फोन लावून तारीख मिळवली. त्या माणसाची आई म्हणाली होती, मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. पुराची तारीख बाईंना पाठ होती.

मग वारसांचा रकाना. तिथं जावईबापूंनी कपाळाला हात लावला.

“चुलतसासू म्हणजे काय, मॅडम?”

“बायकोची काकू.”

“ती वारस कशी?”

“आईबापांमागं तिनंच बायकोला वाढवलं. लग्नसुद्धा तिनंच लावून दिलं. मग काय शेजाऱ्याला वारस नेमेल?”

“सॉफ्टवेअरच्या यादीत नाहीये. आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, इतर. एवढीच नाती.”

“बिचारं एकट्यानं वाढलेलं दिसतंय तुमचं सॉफ्टवेअर. लिहा ‘इतर’. पण ‘इतर’ लिहिलंय हे त्या बाईला कळू देऊ नका, पायातली काढेल.”

असं करत करत चार वाजेपर्यंत चुका उतरल्या. साडेचारला जावईबापूंनी पुन्हा बटण दाबलं, पडद्यावर हिरवी पट्टी सरकत गेली आणि अक्षरं उमटली: आलेल्या नोंदी तीनशे चाळीस, चुका शून्य. मालक टाळ्या वाजवतच बाहेर आले. “शून्य! बाई, बघा, शून्य!” खालून तीन चहा मागवले गेले. जावईबापू पिशवी आवरायला लागले.

रकानेबाईंनी चहाला हात लावला नाही. त्यांना एक खोड होती. कुठलीही गोष्ट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेली की दोन्हीकडे मोजायची. घर बदललं तेव्हा त्यांनी चमचेसुद्धा मोजले होते. त्यांनी आपल्या शीटमधल्या त्या पानावर रकाना नऊ मोजला. ‘नाही’ दोनशे एकोणसाठ, ‘आहे’ बावीस, रिकाम्या एकोणसाठ. मग नव्या सॉफ्टवेअरमध्ये मोजला. ‘आहे’ बावीस. ‘नाही’ तीनशे अठरा. रिकामी एकही नाही.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “पिशवी ठेवा जरा खाली. माझी एकोणसाठ माणसं एका मिनिटात ठणठणीत कशी झाली?”

जावईबापू आले, वाकून बघितलं. “हां, ते. मॅडम, ती चौकट रिकामी चालत नाही. सॉफ्टवेअर घेतच नाही. म्हणून मी सांगून ठेवलं, रिकामं दिसलं की ‘नाही’ धर.”

“कुणाला विचारून?”

“सगळीकडे असंच करतात. डिफॉल्ट असतो तो. आणि बहुतेक लोक निरोगीच असतात ना.”

“बहुतेक लोकांचा विमा काढत नाही आपण. एकेकाचा काढतो.”

मालक चहाचा कप हातात धरून दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. प्रकरण लक्षात आल्यावर त्यांनी कप ठेवला. “बाई, आत्ता जाऊ द्या ना. पुढच्या महिन्यात सावकाश दुरुस्त करू.”

“पुढच्या महिन्यात दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, आणि त्यात आधी खोटं का लिहिलं याचं कारण विचारतात. काय लिहू? चहा गार होत होता?”

“अहो, पण बाराला दार बंद होतंय. मी शीतगृहाला तीनशे चाळीसचा शब्द दिलाय.”

“तुमचा शब्द तोंडी आहे. माझं नाव छापील आहे, तीनशे चाळीस वेळा.”

मालक तसे वाईट नव्हते, फक्त घाबरट होते, आणि घाबरट माणसाला ठाम माणसाचा आधारच वाटतो. त्यांनी जावईबापूंना विचारलं, हे उलटं करता येईल का. येईल, म्हणाले, उद्या बाराला कुलूप लागेपर्यंत कितीही वेळा पुसून पुन्हा ओतता येईल. “मग बाई, उद्या साडेअकरापर्यंत तुमची एकोणसाठ उत्तरं,” मालक म्हणाले. “न मिळालेल्यांच्या ओळी गाळायच्या. त्यांना विमा नाही. चालेल?”

“चालवावं लागेल,” रकानेबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन पुढ्यात ओढला.

एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. त्या एकोणसाठातली ओळ एकशे सत्त्याऐंशी त्यांच्या सख्ख्या धाकट्या दिराची होती.

जावईबापूंना काय वाटलं कोण जाणे, पण ते गेले नाहीत. “अर्धे मला द्या,” म्हणाले. आणि दुसऱ्या फोनवर बसून त्यांनी धडाधड सुरुवात केली. “नमस्कार, आपल्याला पूर्वीचा कोणताही आजार आहे का? नाही? धन्यवाद.” दहा मिनिटांत नऊ ‘नाही’. विजयी चेहऱ्यानं त्यांनी कागद पुढे केला.

“असं विचारतात होय?” रकानेबाई म्हणाल्या. “आजार आहे का म्हटल्यावर कोण हो म्हणेल? आजार शेजाऱ्याला असतो. ऐका आता.” आणि त्या नऊतल्या पहिल्याला त्यांनीच पुन्हा फोन लावला. “मी विमा कार्यालयातून बोलतेय. हो, हो, आत्ताच फोन आला होता, ते आमचे नवीन साहेब. एवढंच सांगा, सकाळी गोळी कुठली घेता?”

पलीकडून माणूस खुलला. “गोळी होय? ती पांढरी, छोटी. रक्तदाबाची. सात वर्षं झाली.”

“आणि आजार नाही म्हणालात ते?”

“आजार कुठाय? गोळी घेतो ना!”

जावईबापूंनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या नऊ ‘नाही’तून तीन ‘आहे’ निघाले. त्यानंतर दोघांनी एकाच प्रश्नानं फोन केले. एकानं विचारलं, साखरेची गोळी गोड असते का, म्हणजे ती मोजायची की नाही. एका बाईनं सुनेच्या सगळ्या आजारांची यादी दिली आणि स्वतःबद्दल म्हणाली, मला काय धाड भरलीय. एकानं फोन उचलून आधी पाच मिनिटं पंख्याची तक्रार केली. त्याला वाटलं, दुकानातून फोन आलाय. कुणी लगेच बोललं, कुणाला गोंजारावं लागलं. रकानेबाईंच्या आवाजाला एक गुण होता, तो ऐकला की माणसाला आपण काही लपवतोय हे विसरायला व्हायचं.

मधेच त्यांनी जावईबापूंना विचारलं, “हे अर्ज गेल्यावर शीतगृहाला काय जातं?”

“पूर्ण यादीची एक प्रत. सगळे रकाने.”

“नववासुद्धा?”

“डिफॉल्ट तसाच आहे. पण इथं टिक असते. काढली की तो रकाना त्यांच्या प्रतीत छापला जात नाही. विमा कंपनीला मात्र जातो.”

“हा तुमचा डिफॉल्ट राहतो कुठं? एकदा भेटायचंय मला त्याला.” त्यांनी स्वतः माउस हातात घेतला आणि टिक काढली. मग खात्रीसाठी एक पान छापून बघितलं. आठनंतर सरळ दहा.

सातपर्यंत छप्पन्न उत्तरं झाली. तीन उरली. दोघांचे फोन बंद होते. तिसऱ्याला रकानेबाईंनी फोन केलाच नव्हता.

दिराचं प्रकरण असं होतं. बावीस वर्षं तो शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवायचा, तीही आतल्या खोलीत, जिथं पारा शून्याखाली वीस असतो आणि पापण्यांवर बर्फ धरतं. आतली पाळी करणारा म्हणजे शीतगृहातला पहिलवान. पगारही जास्त आणि ऐटही. वर्षापूर्वी तो पंधरा दिवस गायब झाला. सगळ्यांना सांगितलं, सासऱ्यांच्या घराचं छप्पर बदलायला गेलो होतो. रकानेबाईंच्या नवऱ्यालाही, म्हणजे स्वतःच्या थोरल्या भावालाही, हेच सांगितलं. पण धाकट्या जावेनं एके दिवशी भांडी विसळता विसळता रकानेबाईंजवळ तोंड उघडलं. “ताई, छप्पर कसलं! हार्टच्या नळीत जाळी बसवलीय त्यांच्या. कुणाला सांगू नका, मला जिवे मारतील.” रकानेबाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. अर्जासाठी त्यांनी दिराला तीनदा विचारलं आणि तीनदा तो हसून म्हणाला, “माझं काय, वहिनी, मी फ्रीजमधला माणूस, खराब होत नाही.” चौकट रिकामी राहिली.

‘नाही’ लिहिलं आणि उद्या काही झालं, तर धाकटी जाऊ दोन पोरींना घेऊन पत्र हातात धरून उभी राहणार. ‘आहे’ लिहायचं तर ते जावेच्या तोंडचं, त्याच्या नव्हे. गाळायचं तर त्याच्या डोक्यावर छत्रीच नाही. फोनवर हे बोलणं व्हायचं नव्हतं.

घरी त्यांनी पाचचा गजर लावला. नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. पुढ्यात एक उघडा काटा घेऊन बसला होता. “पाचला उठून कुठं?”

“शीतगृहात.”

“काय, आइस्क्रीम आणायला?”

“रकाना भरायला,” त्या म्हणाल्या. नवऱ्यानं मान डोलावली. एवढ्या वर्षांत तो असल्या उत्तरांना सरावला होता.

सहाला पाळी बदलते. शीतगृहाची कपडे बदलायची खोली लांबलचक. दोन्ही बाजूंना पत्र्याची कपाटं, मधे बाकं, खुंट्यांवर गोधडीसारखे जाड निळे कोट. येणारे चढवत होते, जाणारे उतरवत होते. बाई आलेली बघून दोघातिघांनी घाईनं बनियनी खाली ओढल्या. फोन बंद असलेले दोघे तिथंच सापडले. एकाचा फोन आत गोठून मेला होता. दुसऱ्यानं बायकोशी भांडून बंद ठेवला होता. पहिला ठणठणीत, दुसऱ्याला थायरॉइड. दोघांच्या सह्या घेतल्या. मग त्या कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेल्या. दीर बुटांच्या नाड्या बांधत होता.

“वहिनी? दादाला काही झालं का?”

“दादा मस्त आहेत, घोरतायत. मी कामाला आलेय. तुमचा रकाना नऊ रिकामा आहे.”

“त्यासाठी इथवर आलात?” तो हसला. “लिहा ना ‘नाही’. तीन वेळा सांगितलं.”

“तीन वेळा हसलात. सांगितलं एकदाही नाही.”

“मग घ्या, आता सांगतो. नाही.”

रकानेबाईंनी पेनाचं टोपण काढलं नाही. “सकाळी गोळी कुठली घेता?”

नाडीवरचा हात थांबला. त्यानं मागं वळून बघितलं. चार बाकं सोडून दोघं डबा कुणाचा यावरून हुज्जत घालत होते. तो खालच्या आवाजात म्हणाला, “तिनं सांगितलं ना? तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.”

“कुणी सांगितलं ते सोडा.”

“तुम्ही आमच्या घरात सून म्हणून आलात की हेर म्हणून?”

“हेर असते तर कालच लिहून मोकळी झाले असते. तुम्हाला विचारायला गारठत आले असते का?”

“विचारून काय करणार? इथं कळलं की उद्या मला गेटवर बसवतील. ट्रक आला, पावती फाड. ट्रक गेला, पावती फाड. बावीस वर्षं आत काढलीत, वहिनी. नवे लोक अर्ध्या तासात बाहेर पळतात दात वाजवत. मी घाम पुसत बाहेर येतो.”

“त्या घामाचंच विचारतात डॉक्टर.”

“थट्टा नको.” त्याचा आवाज चढला, मग त्यानंच तो दाबला. “यादी इथं येते. सुपरवायझर वाचतो. मोठ्यानं वाचतो. मागच्या खेपेला एकाची मूळव्याध वाचली, त्याला अजून खुर्ची आणून देतात सगळे.”

“यादी येईल. रकाना नऊ येणार नाही. काल काढला मी.”

“माझ्या एकट्याचा?”

“सगळ्यांचा. तुमच्या एकट्याचा काढला असता तर आंधळ्यालासुद्धा कळलं असतं.” त्यांनी पिशवीतून छापलेलं पान काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं बोट ठेवून वाचलं. आठ. दहा. पुन्हा वाचलं.

“आणि मी ‘नाही’च म्हटलं तर?”

“मला खोटं आहे हे ठाऊक आहे, त्यामुळं ते मी लिहू शकत नाही. तुम्ही सांगत नाही, त्यामुळं ‘आहे’ही लिहू शकत नाही. ओळ गाळावी लागेल. तीनशे एकोणचाळीस जातील.”

“गाळा मग.”

“गाळते. घरी तेवढं तुमचं तुम्ही सांगा, मी सांगणार नाही.”

त्या उठल्या. खरोखरच उठल्या, त्यात डाव नव्हता. पिशवी खांद्याला लावली, पान परत मागायला हात पुढे केला. पाळीचा भोंगा वाजला आणि बाकावरची माणसं एकेक करून रबरी पडद्याआड जायला लागली. दिरानं पान सोडलं नाही. खोलीत दोघंच उरेपर्यंत तो बुटांकडे बघत बसला. मग भिंतीला सांगावं तसं म्हणाला, “एक आहे. जाळी.”

रकानेबाई पुन्हा बसल्या. टोपण काढलं. “तारीख?”

त्यानं तारीख सांगितली. दिवस सांगितला, वेळही सांगितली. पुढं गोळ्या सांगितल्या, तीन, रंगांसकट. वर्षभर एकाही माणसाला न सांगितलेलं सगळं तो शाळेतला धडा म्हटल्यासारखं सांगत गेला आणि त्या एकेक चौकटीत लिहीत गेल्या.

“सही.”

हातमोजा दातांनी ओढून काढून त्यानं सही केली. “आता माझ्याशी बोलू नका,” तो म्हणाला.

“बरं,” रकानेबाई म्हणाल्या.

सव्वाअकराला जावईबापूंनी जुनं पुसलं आणि नवं ओतलं. तीनशे चाळीस. रकानेबाईंनी दोन्हीकडे मोजलं. ‘नाही’ तीनशे एक, ‘आहे’ एकोणचाळीस. मालकांनी बटण दाबायच्या आधी त्यांच्याकडे बघितलं, बाईंनी मान डोलावली, आणि बाराला वीस मिनिटं असताना अर्ज गेले. जावईबापूंनी जाताना आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत काही बदललं की नाही, हे या कार्यालयात कुणाला कळलेलं नाही. चुलतसासू अजून ‘इतर’च आहे.

दीर मात्र शब्दाला पक्का निघाला. तीन आठवडे तो बोलला नाही. घरी यायचा, दारात उभा राहायचा आणि बाई समोर असताना आत हाक मारायचा, “दादा, घरात कुणी आहे का?” चहा विचारला तर म्हणायचा, “दादा, त्यांना सांग, नको.” नवरा वैतागला. “काय झालंय तुमचं?”

“तुमच्या भावाला विचारा.”

“तो म्हणतो, तुला विचार.”

“मग राहू दे तसंच,” त्या म्हणाल्या. काटा दुरुस्त होईपर्यंत वजन विचारू नये हे नवऱ्याला धंद्यानं शिकवलं होतं, त्यामुळं तोही गप्प बसला. रात्री कूस बदलताना रकानेबाईंना एकदा वाटून गेलं की गाळली असती ओळ तर निदान माणूस चहा तरी प्यायला असता. सकाळी वाटलं नाही.

चौथ्या आठवड्यात विमा कंपनीची पत्रं आली. तीनशे एक जणांना सरसकट मंजुरी. बाकीच्यांना कमीजास्त अटी. दिराच्या पत्रात लिहिलं होतं की विमा मंजूर आहे, पण हृदयविकारानं काही झाल्यास पहिली दोन वर्षं भरपाई नाही. शिवाय रुग्णालयातून सोडल्याचा कागद पंधरा दिवसांत जोडावा. पत्र शीतगृहाकडे नाही, थेट घरी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयातला फोन वाजला.

“विमा कार्यालय का?” आवाज ओळखीचा, सूर परक्याचा.

“हो. बोला.”

“ओळ एकशे सत्त्याऐंशी बोलतोय. पत्र आलंय. याचा अर्थ मी दोन वर्षं मरायचं नाही, असाच ना?”

“छातीनं नाही.”

“दुसऱ्या कशानं मेलो तर चालेल?”

“चालणार नाही. दाव्याचा अर्ज सोळा पानी असतो आणि तो मला भरावा लागतो.”

पलीकडे एक ट्रक घरघरत गेला. मग, “मी आतलं काम सोडलं. बाहेर धक्क्यावर घेतलंय. माझं मीच मागितलं.”

“कारण काय सांगितलंत?”

“गुडघा.” लगेच घाईनं, “तो तुमच्या अर्जात जाणार नाही ना? गुडघ्याला माझ्या काही झालेलं नाहीये.”

“मग कशाला जाईल?”

“नाही, तुमचा भरवसा नाही.” पुन्हा ट्रक. “तो रुग्णालयाचा कागद हवाय म्हणतात. तुमच्या जावेनं कुठं लपवलाय, शोधतोय. शनिवारी आणून देतो घरी. आणि दादालाही तेव्हाच काय ते सांगतो. पण जेवायला थांबणार नाही, आधीच सांगतोय.”

“बोलावलंय कुणी?” रकानेबाई म्हणाल्या. “मूळ कागद ठेवा, झेरॉक्स आणा. दोन प्रती.”